सायलेन्सरचा आवाज आटोक्यात आणताना

माझ्या बाइकचा आवाज फार वाढला तेव्हा मी सायलेन्सरमध्ये भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबल्या होत्या. दोन आत गेल्या, तिसरी बसेना. दोन दिवस आवाज जरा बोदा झाला, पण चढावर इंजिन धापा टाकायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यातली एक लालभडक होऊन मागच्या मागे उडाली. नशीब, मागे कोणी नव्हतं. पुढे कळलं की आवाज मागून येतच नव्हता. बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून निघणारी वाकडी नळी, हेडला (सिलिंडरच्या वरच्या भागाला) जिथे लागतो तिथली तांब्याची रिंग गेली होती आणि गॅस तिथून फुटत होता. रिंग बदलायला पंधरा मिनिटं लागली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी आवाज कुठून येतो ते हुडकायचं, मग मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोंबाकोंबी सगळ्यात शेवटी, आणि तीही हिशोबाने.

आवाज बनतो कसा

एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की सिलिंडरमधला तापलेला, दाबाखालचा गॅस बेंड पाईपमध्ये धडकतो. तो एक ठोका. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एक ठोका देतो. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) एक सिलिंडरची बाइक सेकंदाला २५ ठोके देते, दोन सिलिंडरची ५० आणि चार सिलिंडरची १००. एकवाली धडधडते आणि चारवाली सूर धरते ती यामुळेच. ठोके सारख्या अंतराने पडतात की नाही, यावरही बरंच अवलंबून असतं. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असलेल्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनात, हे अंतर क्रँकच्या फेरीत मोजलं तर आळीपाळीने ३१५ आणि ४०५ अंश असतं. तिची ती लंगडत चालल्यासारखी लय कुठल्याही सायलेन्सरने जात नाही, फक्त हलकी होते. आपल्या सिंगल सिलिंडरला चार सिलिंडरचा आवाज हवा असणाऱ्यांनी हा नाद इथेच सोडलेला बरा.

या ठोक्यात दोन प्रकारचे आवाज मिसळलेले असतात. एक खालचा, छातीत जाणवणारा धडधडाट. दुसरा वरचा, कानात टोचणारा फटफटाट आणि गॅस वेगाने बाहेर पडतानाचा फस्स आवाज. हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं, कारण त्यांची औषधं वेगळी आहेत.

वरच्या आवाजाला पॅकिंग लागतं. सरळ नळी, तिला बारीक भोकं, भोवती ग्लासवूल आणि वरून पत्र्याचं कव्हर, असा हा सायलेन्सर असतो. आवाजाच्या लहरी भोकांतून वूलमध्ये शिरतात आणि तंतूंमध्ये घासून त्यांची उष्णता होते. खालच्या आवाजाची लहर लांब असते, तिला हा पातळ थर पुरत नाही. तिच्यासाठी कप्पे लागतात. गॅस एका कप्प्यातून दुसऱ्यात वळवला की लहर भिंतींवर आपटून मागे फिरते आणि येणाऱ्या लहरीलाच काही प्रमाणात मारते. बाइकबरोबर आलेला मूळ सायलेन्सर बोजड असतो तो म्हणूनच. आत कप्पे, नळ्या, बऱ्याचदा दुहेरी पत्रा, आणि हल्लीच्या बाइकमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही. बाहेरून घेतलेला हलका, चकचकीत सायलेन्सर बहुतेक वेळा पहिल्या जातीचा असतो. तो वरचा आवाज बऱ्यापैकी खातो, खालचा सोडून देतो.

बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये घेतलं आणि त्याच्या कंपनीने पुढे इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. दोन्हीकडे काम एकच: दाबाखालचा गॅस एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचा. तो अडवायचा नाही, हे नवखा माणूस हमखास विसरतो.

पहिली पायरी: थंड इंजिनावर गळती शोधा

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. बाइक उघड्यावर हवी. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर अर्धं ओढून इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस न कळता आडवा होतो.

चालू करायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. हेडजवळ, बेंड पाईप सायलेन्सरमध्ये शिरतो त्या सांध्यावर आणि वेल्डिंगच्या कडांवर काळ्या काजळीची पंख्यासारखी पसरलेली रेघ दिसली, तर गॅस तिथूनच निसटतोय. मग स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या, सगळ्या सांध्यांवर मारा आणि इंजिन चालू करा. पहिल्या अर्ध्या मिनिटात, पाईप तापून पाणी उडायच्या आत, गळतीच्या जागी बुडबुडे येतात. त्याच वेळी तळहात सांध्यापासून चार बोटं लांब धरून फिरवला तर फुंकर लागल्यासारखे झटके जाणवतात. पाईपला हात लावू नका. हेडजवळचा भाग तुमच्या अंदाजाच्या फार आधी पोळतो.

खात्री करायची आणखी एक जुनी रीत आहे. जाड ओलं फडकं हातमोज्यावर घेऊन सायलेन्सरचं मागचं तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायचं. सगळं घट्ट असेल तर इंजिन गुदमरतं, बंदही पडतं. ते मजेत चालूच राहिलं आणि पुढून कुठूनतरी फुसफुस ऐकू आली, तर भोक पुढे आहे.

हेडकडची गळती टॅपेटच्या (व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाच्या) आवाजासारखी टकटक करते आणि भल्याभल्यांना फसवते. फरक असा की गळतीची टकटक थंडीत जास्त असते आणि पाईप तापून फुगला की बरीचशी मिटते. टॅपेट असं पूर्ण गप्प होत नाही.

सायलेन्सरच्या पोटाला खालच्या बाजूने टाचणीएवढं किंवा थोडं मोठं भोक दिसलं आणि ते गोल, नेटकं असेल, तर ते बुजवू नका. ते पाणी जायला मुद्दाम ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. पाईप थंड असताना ती वाफ आतच थिजते. भोक बुजवलं की पाणी साचतं आणि सायलेन्सर आतून कुजत येतो. एम-सील लावून असं भोक बंद केलेले सायलेन्सर मी उघडून पाहिले आहेत. खालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो.

हेडची रिंग बदलताना जुनी रिंग खरवडून पूर्ण काढा. पुष्कळदा ती खाचेत इतकी चिकटलेली असते की खाच रिकामीच वाटते, आणि नवी रिंग जुनीवरच बसवली जाते. जुनी रिंग चेपलेली असते, परत वापरायची नाही. स्टडचे नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवा आणि पाना दोन्हीकडे थोडा थोडा हलवत नट सोडवा. एका झटक्यात जोर लावला तर स्टड हेडमध्येच तुटतो, आणि मग रिंगचं काम हेडच्या कामावर जातं. पाईप परत लावताना आधी सगळे बोल्ट बोटांनीच लावून घ्या, मग हेडकडचे नट आळीपाळीने आवळा, मग सांध्याचा क्लॅम्प आणि शेवटी सायलेन्सरचा मागचा माउंट. आधी मागचा आवळला तर पाईप ताणात बसतो आणि थोड्याच दिवसांत वेल्डिंग तडकतं.

खडखडाट हा वेगळा रोग. हीट शील्ड सैल, आतली जाळी सुटलेली, माउंटचं रबर मेलेलं. गार सायलेन्सरवर मुठीने किंवा रबरी हातोडीने टकटक केलं की सैल भाग स्वतःच बोलतो. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. जे सैल आहे ते आवळा, जे फाटलंय ते बदला.

दुसरी पायरी: मोजा

कान भरवशाचा नाही. दिवसभर काम करून तो थकलेला असतो आणि मेहनत केली म्हणून "कमी झाला बुवा" असं ऐकू यायला लागतं. साधा साउंड मीटर असेल तर उत्तम, नाहीतर फोनवरचं ॲप. फोनचा आकडा खरा किती हे सोडा. तोच फोन, तीच जागा आणि तेच आरपीएम ठेवलं तर आधीचा आणि नंतरचा फरक बऱ्यापैकी कळतो. मात्र फार मोठ्या आवाजाला फोनचा माइक थकतो आणि एका आकड्याच्या पुढे जातच नाही. तसं झालं तर फोन लांब धरा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आकडा साधारण ६ डेसिबलने उतरतो.

उभ्या बाइकची मोजणी जगभर एका ठरलेल्या पद्धतीने होते, तीच वापरा. टणक, मोकळी जागा, आसपास तीन मीटरपर्यंत भिंत किंवा गाडी नको. माइक सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटीमीटरवर, तोंडाच्याच उंचीला, पण जमिनीपासून किमान २० सेंटीमीटर वर, आणि गॅस निघतो त्या रेषेपासून ४५ अंश बाजूला. माइक थेट झोतात आला तर तुम्ही वारा मोजाल. इंजिनाची सर्वाधिक ताकद ५००० आरपीएमच्या वर मिळत असेल तर त्या आरपीएमच्या निम्म्यावर, आणि ५००० किंवा खाली मिळत असेल तर पाऊणपटीवर इंजिन स्थिर धरायचं आणि मग थ्रॉटल झटकन सोडायचा. या सगळ्यात दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तीनदा करा. तिन्ही आकडे २ डेसिबलच्या आत आले नाहीत तर काहीतरी चुकतंय. कानात प्लग घालून करा.

पुष्कळ बाइकच्या फ्रेमवर किंवा स्टिकरवर मूळ आवाजाचा आकडा आणि तो कितव्या आरपीएमला मोजला हे छापलेलं असतं. तो तुमचा पल्ला. पोलीस किंवा तपासणीवालेही काही ठिकाणी त्याच्याशीच ताडून पाहतात.

डेसिबलचं गणित सरळ बेरीज-वजाबाकीचं नाही. ३ डेसिबल उतरले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला फरक जेमतेम कळतो. १० उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. शिवाय बाइकचा आवाज एकट्या सायलेन्सरचा नसतो. इंजिन, चेन आणि एअर फिल्टर मिळून ८५ डेसिबल करत असतील, तर सायलेन्सर कितीही गप्प केला तरी एकूण आकडा ८५ च्या खाली जाणार नाही. उघडा कोन फिल्टर लावलेला असेल तर मूळ एअरबॉक्स परत बसवून पाहा. टाकीखालून येणारा तो घोगरा आवाज बरेच जण उगाच सायलेन्सरच्या खात्यावर मांडतात.

आणखी एक गोम आहे. मीटरवर जी 'ए' मोजपट्टी असते ती माणसाच्या कानासारखी बनवलेली आहे, त्यामुळे खालचे आवाज ती फार कमी मोजते. १०० हर्ट्झला ती १९ डेसिबल वजा करते, ५० हर्ट्झला ३०. म्हणून कधीकधी मीटर "ठीक आहे" म्हणतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीची काच मात्र थरथरते. ॲपमध्ये 'सी' मोजपट्टी असेल तर तिच्यावरही मोजा, ती खालचे आवाज फारसे वजा करत नाही. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला तर तुमचा त्रास खालच्या आवाजाचा आहे आणि नुसतं पॅकिंग बदलून भागणार नाही.

तिसरी पायरी: सोपं ते आधी

मूळ सायलेन्सर माळ्यावर पडला असेल तर तो लावा आणि लेख इथेच सोडून द्या. खरंच. आवाज, मायलेज, खालच्या आरपीएमची ओढ आणि कायदा, चारही बाबतीत त्याच्याशी बरोबरी करायला कष्ट पडतात.

नसेल तर पाहा की तुमच्या सायलेन्सरच्या तोंडात डीबी किलर, म्हणजे आवाज कमी करणारी काढता येणारी नळी, आहे का, की आधीच्या मालकाने काढून टाकलाय. तोंडाजवळ कव्हरच्या खालच्या अंगाला एक रिकामं बोल्टाचं भोक दिसलं, किंवा तोंडाच्या आत सर्किलपची (अडकवायच्या स्प्रिंग रिंगची) खाच दिसली, तर तो कधीकाळी तिथे होता. नवा घ्यायचा तर व्हर्नियरने तोंडाचा आतला व्यास मोजा, बोल्टापर्यंतचं अंतर मोजा आणि आत सरळ किती लांबी मोकळी आहे ते काठी घालून पाहा. पट्टीने मापं घेऊ नका. एक मिलिमीटर सैल बसलेला डीबी किलर रात्रंदिवस खडखडतो.

ज्या बाइकमध्ये एक्झॉस्टमध्ये सर्वोवर (छोट्या मोटरवर) चालणारा व्हॉल्व असतो, तिथे तो हलतोय का ते तपासा. किल्ली फिरवली की बहुतेक बाइकमध्ये तो एकदा पूर्ण उघडून बंद होतो. केबल सुटलेली किंवा व्हॉल्व उघडाच अडकलेला असेल तर बाइक खालच्या आरपीएमला अकारण बोंबलते.

चौथी पायरी: पॅकिंग बदलणं

सरळ नळीच्या सायलेन्सरचा आवाज हळूहळू वाढला असेल, त्याला पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा खणखणाट आला असेल आणि बाहेरचं कव्हर पूर्वीपेक्षा जास्त पोळत असेल, तर वूल जळून उडून गेलंय. ठोकळ्यासारख्या वेल्ड केलेल्या सायलेन्सरला हे करता येत नाही; ज्याचं मागचं झाकण रिव्हेटने किंवा बोल्टाने बसवलंय त्यालाच.

सायलेन्सर काढून बाकावर घ्या. झाकण आणि कव्हर यांच्यावरून मार्करने एक सलग रेघ मारा. परत बसवताना हीच रेघ जुळवायची, नाहीतर माउंटचा कान भलत्याच दिशेला येतो आणि तुम्ही सगळं पुन्हा खोलत बसता. रिव्हेटच्या मधली खिळी पंचने आत ठोका, मग रिव्हेट ४.८ मिलिमीटरचे असतील तर ५ च्या बिटाने हळू ड्रिल करा. बिट रिव्हेटलाच लागलं पाहिजे, पत्र्याचं भोक मोठं होता कामा नये. रिव्हेट बिटाबरोबर गरगरायला लागला तर त्याचं डोकं छिन्नीच्या टोकाने धरून ठेवा. झाकण कार्बनने चिकटलेलं असतं, त्याला लाकडाचा ठोकळा लावून गोलगोल फिरून ठोका. एकाच बाजूने ठोकलं की ते तिरकं अडकतं.

आतून जे निघतं ते पाहून पहिल्यांदा हबकायला होतं. पुढच्या टोकाला, जिथे गॅस पहिल्यांदा आदळतो, तिथे वूल नावालाही नसतं. मागे काळी, ठिसूळ, उंदराच्या घरट्यासारखी गुठळी उरलेली असते. ती काढण्याआधी पाण्याने भिजवा. कोरडी ओढली तर काचेचे तंतू हवेत उडतात. मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. तुकडे थेट पिशवीत भरून तोंड बांधा.

आता नळी पाहा. तिची भोकं कार्बनने बुजलेली असतात, आणि भोकं बुजली की नवं वूल घालूनही उपयोग शून्य, कारण आवाज वूलपर्यंत पोचतच नाही. तारेच्या ब्रशने घासा, राहिलेली भोकं खिळ्याने एक एक मोकळी करा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धा फायदा यातच आहे.

नळीवर आधी स्टेनलेस स्टील वूलचा पातळ थर गुंडाळा. तो गॅसचा मारा झेलतो आणि आतलं वूल जास्त टिकतं. त्यावर सायलेन्सरसाठी मिळणारं लांब तंतूंचं ग्लासवूल किंवा बेसॉल्ट वूल. घराच्या छपराला लावायचं इन्सुलेशन वापरू नका. त्यातला चिकट पदार्थ जळतो आणि आखूड तंतू आठवडाभरात मागच्या तोंडातून निघून जातात. गुंडाळी कव्हरच्या आतल्या व्यासापेक्षा थोडी जाड व्हायला हवी, म्हणजे हाताने दाबून सरकवताना ती अंग चोरून आत जाईल. सुती दोऱ्याने किंवा मास्किंग टेपने बांधून घ्या, ते पुढे जळून जातं. सैल राहिलं तर वूल थरथरून तुटतं. फार ठासलं तर ते भिंतीसारखं होतं, लहर आत शिरत नाही आणि आवाज उलट वाढतो. उशी दाबल्यावर जसा हाताला जोर लागतो तेवढा बस्स.

कव्हर चढवा, रेघ जुळवा, झाकणाच्या कडेला जास्त तापमानाचं सिलिकॉन बारीक ओळीत लावा आणि स्टेनलेस रिव्हेट ठोका. समोरासमोरचे रिव्हेट आधी. ॲल्युमिनियमचे रिव्हेट स्वस्त आणि सोपे, पण कंपनाने सैल होतात. मी दोनदा भोगलंय. पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर धूर आणि घाण वास येईल. टेप आणि सिलिकॉन जळतंय, घाबरू नका.

पाचवी पायरी: बॅफल, पण हिशोबाने

एवढं करूनही आवाज जास्त वाटला तरच तोंडात बॅफल, म्हणजे गॅसची वाट अरुंद करणारी किंवा वळवणारी नळी. आणि इथे क्षेत्रफळाचा हिशोब येतो. ५० मिलिमीटरच्या तोंडात ३५ मिलिमीटरची नळी बसवली तर व्यास तीस टक्क्यांनी कमी होतो, पण गॅसची वाट निम्म्यावर येते. पंचवीसची बसवली तर पाव वाट उरते. वरच्या आरपीएमला गॅसला जायला जागा नसली की तो सिलिंडरमध्येच राहतो, ताकद जाते, एक्झॉस्ट व्हॉल्व जास्त तापतो. माझ्या घासण्यांनी हेच केलं होतं.

चांगला बॅफल म्हणजे टोक बंद आणि अंगाला भोकं असलेली नळी. गॅस सरळ न जाता भोकांतून बाजूला वळतो, ठोक्याची धार मोडते. भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळाएवढं तरी हवंच, दीडपट असलं तर उत्तम. ३० मिलिमीटर आतला व्यास असलेल्या नळीचं क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस मिलिमीटर, ५ मिलिमीटरच्या एका भोकाचं १९.६. म्हणजे किमान ३६ भोकं, आणि पन्नासेक केली तर इंजिन नाराज होत नाही. नळीभोवती स्टील वूलचा एक थर गुंडाळून तिला सायलेन्सरमध्ये सरकवता आलं तर फस्स आवाजही कमी होतो. बॅफल बोल्टाने बसवा आणि बोल्टाला लॉक वायर (तो फिरू न देणारी तार) बांधा. तापलेला बॅफल धावत्या बाइकमधून निघाला तर मागच्याच्या छातीत बसेल.

"बॅक प्रेशर लागतंच" असं वाक्य तुम्हाला गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. इंजिनाला दाब नको असतो. पाईपमधून परतणारी लहर बरोबर वेळेला व्हॉल्वपाशी पोचायला हवी असते. ती वेळ पाईपची लांबी आणि जाडी ठरवते. म्हणून बेंड पाईप कापून आखूड करू नका. त्याने आवाज कर्कश होतोच, खालची ओढही जाते.

सूर लावायचा असेल तर

आवाज पातळीत आला, पण आवडत नाही, असंही होतं. बोचरा आवाज नको असेल तर पॅकिंगचा थर जाड करा. त्याच कव्हरमध्ये कमी व्यासाची नळी बसवली की थराला जागा मिळते, हिशोब वर दिलाच आहे. मागचं तोंड थोडं खाली आणि बाहेर वळवलं तर वरचे आवाज कमी त्रास देतात, कारण ते टॉर्चच्या झोतासारखे एका दिशेने जातात. खालचा धडधडाट मात्र सगळीकडे सारखा पसरतो, त्याला दिशा कळत नाही.

हायवेवर एका ठराविक वेगाला डोकं उठवणारा गुणगुणाट येतो, त्यावर कारवाले बाजूला बंद नळी जोडतात. नळीची लांबी त्या लहरीच्या पावपट ठेवली की परतणारी लहर मूळ लहरीला मारते. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग साधारण सेकंदाला ५०० मीटर धरला, तर सारख्या अंतराने ठोके देणाऱ्या दोन सिलिंडरच्या बाइकच्या ४००० आरपीएमच्या, म्हणजे ६७ हर्ट्झच्या सुरासाठी ही नळी १.८७ मीटर लांब लागेल. बाइकवर ती कुठे लावणार? म्हणून बाइकवर या आवाजाला कप्प्यांचा मोठा सायलेन्सर हाच इलाज. ४०० हर्ट्झच्या आसपासचा बोचरा सूर असेल तर ३१ सेंटीमीटरची नळी पुरते, पण तेवढी वेल्डिंगची हौस असणारे थोडेच. गिअर एक वर टाकून आरपीएम खाली आणणं हा बिनखर्चाचा उपाय पुष्कळदा चालून जातो.

थ्रॉटल सोडल्यावर पाईपमध्ये फटाके फुटत असतील तर ते पेट्रोल सिलिंडरमध्ये न जळता पाईपमध्ये जळतंय. त्याला लागणारी हवा गळतीतून येते, नाहीतर प्रदूषण कमी करायला बसवलेल्या सेकंडरी एअर व्हॉल्वमधून. गळती आधी बंद करा. तरीही राहिले आणि कार्बोरेटर असेल, तर पायलट स्क्रू गरम इंजिनावर पाव-पाव फेरी फिरवून पाहा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण मोजतो, बाहेर काढला की मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, बाहेर काढला की उलट फिकट होतं. मूळ जागा किती फेऱ्यांवर होती ते आधी आत वळवत मोजून लिहून ठेवा. फ्युएल इंजेक्शनच्या बाइकमध्ये हे काम ट्युनिंगवाल्याचं. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, गळती असेल तर तो बाहेरची हवा मोजून इंजिनाला चुकीचं पेट्रोल पाजतो, एवढं मात्र आधी तपासून जा.

टू स्ट्रोकवाल्यांसाठी दोनच ओळी. मधला फुगीर एक्स्पान्शन चेंबर इंजिनाचाच भाग समजा, त्याला हात लावू नका. फक्त मागच्या छोट्या सायलेन्सरचं पॅकिंग बदला. ते जळण्याआधी तेलाने भिजून निकामी होतं, म्हणून जास्त वेळा बदलावं लागतं.

सगळं झाल्यावर बाइक वीसेक मिनिटं नेहमीच्या वेगाने चालवून आणा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग क्लॅम्प, हेडचे नट आणि माउंट परत एकदा आवळा. पहिल्या तापण्या-निवण्यात नवी रिंग थोडी बसते आणि नट सैल होतात. त्याच जागी, त्याच आरपीएमला तीनदा मोजून आकडा जुन्याशेजारी लिहा. आठवड्याने रिव्हेटच्या कडा आणि हेडचा सांधा पाहा. काळी रेघ दिसली तर साबणाची बाटली परत बाहेर काढा.